समूहगान बेसूर होतंय? मुलांना रागावण्याआधी या चुका टाळा

शाळेचं समूहगान कुठे बिघडतं हे कळायला गॅदरिंगची वाट बघावी लागत नाही. सकाळच्या परिपाठाला जाऊन उभं राहिलं तरी पुरतं. कुणीतरी धीट मुलगी मनाला येईल त्या सुरात राष्ट्रगीत उचलते, मागून तीन-चारशे मुलं आपापल्या सुरात येऊन मिळतात. 'जय हे'ला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आला की निम्म्यांचा आवाज चिरकतो आणि उरलेले मुकाट्याने खालच्या सप्तकात उतरतात. ५२ सेकंदांचं गीत, रोज गायचं, आणि रोज तेच होतं. सुरुवातीला कुणीतरी पेटीवर सा दिला, काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा म्हणा, तर त्याच मुलांचं तेच गीत सरळ पार पडतं.

गेली काही वर्षं मी लालबाग-परळपासून बोरिवलीपर्यंतच्या शाळांमध्ये पेटी घेऊन फिरतोय. 'आमच्या शाळेतली मुलं बेसूर आहेत' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी आधी पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरलाय, ते विचारतो.

पट्टी कुणाच्या गळ्याची?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. शिकवणारे सर असतील तर ते स्वतःच्या काळी एक-काळी दोनमध्ये गाणं शिकवतात. मुली आणि लहान मुलं ते एक सप्तक वरून गातात. गाणं तार षड्जापर्यंतच जात असेल तर निभावतं. तार गंधार-मध्यमाला, म्हणजे वरच्या ग-म ला, हात घालणारं असेल तर मात्र किंचाळणं सुरू होतं, आणि सर म्हणतात, 'आवाज मोकळा सोडा रे.' आवाज मोकळाच असतो, त्याला जायला जागा नसते.

बाई शिकवत असतील तर बहुधा काळी चार. मुलींना ती बरी पडते, फक्त गाणं मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या प ला, उतरलं की ऐकू येणं बंद होतं. पण आठवी-नववीच्या मुलांची खरी पंचाईत होते. मुलींच्याच सुरात गायचं तर वरचे सूर लागत नाहीत, एक सप्तक खाली जावं तर सा इतका खोल जातो की नुसती घरघर ऐकू येते. मग ती मुलं शेवटच्या रांगेत एकमेकांना कोपरं मारत उभी राहतात आणि आपण म्हणतो, मुलांना गाण्याची आवड नाही.

उपाय सोपा आहे, पण तो गाणं निवडतानाच करायचा असतो. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी शोधा. दोघांत एक सप्तक आणि वर एखाद-दुसरा सूर एवढंच अंतर असेल तर ते गाणं समूहासाठी चांगलं. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत फिरणारं भावगीत घरी कितीही आवडत असलं तरी चाळीस मुलांच्या गळ्यात घालू नका. मध्य सा ते तार सा-रे एवढ्या आवाक्यातलं गाणं काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये घेतलं की मुली वरच्या सप्तकात, आवाज फुटलेली मुलं खालच्या सप्तकात, आणि दोघंही आरामात गातात.

कराओके ट्रॅकवर बसवायचं असेल तर ही चूक दुप्पट होते, कारण पट्टी पार्श्वगायिकेची आणि गळे सातवी 'ब'चे. ट्रॅकची गती तशीच ठेवून स्वर दोन-तीन घरं खाली आणणारी ॲप फोनवर सहज मिळतात. हे पहिल्या तालमीच्या आधी करा. मुलांना एका पट्टीची सवय झाली की शेवटच्या आठवड्यात ती बदलणं म्हणजे मालाड गेल्यावर बोरिवली फास्टमधून गोरेगावला उतरायला निघण्यासारखं आहे.

आवाज फुटलेली मुलं

साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा. हा बदल एका रात्रीत होत नाही. काही महिने मुलाला स्वतःलाच कळत नाही की तोंड उघडल्यावर कुठला आवाज बाहेर येईल.

अशा एका आठवीतल्या मुलाला मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, 'तू नुसते ओठ हलव.' सहावीत तोच माझा सर्वांत पक्का गळा होता. स्पर्धा झाली, त्याने ओठ हलवले, आणि पुढच्या वर्षी तो गाण्याच्या तासाला आलाच नाही. कबड्डीत गेला. कबड्डीचं भलं झालं, पण चूक माझी होती.

आता मी काय करतो? अशा मुलांना चार-पाच सुरांच्या ओळी देतो. धृपदाच्या शेवटची ओळ, मधली साद, किंवा बाकीचे गात असताना खाली धरलेला सा आणि पंचम. गाण्याला भरदारपणाही येतो. दर पंधरा दिवसांनी एकेकाला बाजूला घेऊन त्याला कुठून कुठपर्यंत आरामात गाता येतं हे वहीत लिहून ठेवतो. ताण देऊन वरचा सूर काढायला लावत नाही. आणि वर्गासमोर एकट्याला गायला सांगून बाकीच्यांना हसायची संधी तर नाहीच नाही.

तबला उतरला, पेटी अडकली

मुंबईच्या हवेत वाद्यं सांभाळणं हा निम्मा उद्योग आहे. जून-जुलैत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, दमट हवा शोषून सैल पडते आणि सूर उतरतो. उलट वातानुकूलित नाट्यगृहात गेल्यावर तीच पुडी सुकून ताणली जाते आणि सूर चढतो. शाळेच्या तळमजल्यावर लावलेला तबला शिवाजी मंदिरच्या किंवा दीनानाथच्या रंगमंचावर तसाच ठेवून वाजवला, तर दुसऱ्या कडव्यापर्यंत तो तुमच्या पट्टीत राहील याची खात्री नाही. वाद्यं हॉलमध्ये निदान वीस मिनिटं आधी उघडून ठेवा आणि मग हातोडी घ्या. पुडी उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली सुकवण्याचा शहाणपणा नको, तडा जातो.

शाळेला एकच तबला परवडत असेल तर काळी एकचा घ्या. साडेपाच इंचांच्या आसपासची पुडी त्या सुराला बरी बसते. काळी एकच्या गाण्याला तो षड्जात वाजेल आणि काळी चारच्या गाण्याला तोच मध्यमाचा तबला होईल. फक्त त्या गाण्यात शुद्ध मध्यम आहे ना, ते बघा. पंचमात लावायचा असेल तर काळी दोनपर्यंत चढवावा लागेल.

पेटीचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात आणि एखादा सूर बोट उचलल्यावरही बोंबलत राहतो. बहुतेक शाळांत पेटी खेळाच्या खोलीत, चटया आणि लेझीमच्या पोत्याशेजारी जमिनीवर ठेवलेली असते. ती कपाटात, जमिनीपासून वर, झाकण लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा. एखादी रीड मुकी झाली तर आत धूळ अडकली असेल, मऊ ब्रशने झटकून बघा. ब्लेडने खरवडू नका. रीडच्या टोकाकडून जरा जरी धातू गेला तरी सूर चढतो आणि मग ती कारागिराकडेच न्यावी लागते.

कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजवताना दोन्ही आपापल्या जागी सुरेल असूनही मिळून कसंतरी वाटतं, ही तक्रार नेहमीची. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कीबोर्ड ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराला लावलेला असतो आणि पेटी थोडी वर किंवा खाली. पेटीचा सूर हलवता येत नाही, म्हणून कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये जाऊन तो पेटीला मिळवा. आणि ट्रान्सपोज बटण शून्यावर आहे ना ते बघा! एका शाळेत आमच्याआधी कोळीनृत्य झालं होतं, त्यांनी कीबोर्ड एक स्वर वर नेऊन तसाच सोडला. मी न बघता वाजवायला बसलो. पहिल्या ओळीला मुलं बरोबर होती, मी चूक होतो, आणि प्रेक्षकांनी दोष मुलांना दिला.

वहीत फक्त शब्द

मुलांच्या हातात गाण्याची झेरॉक्स असते, पण तिच्यावर सूर नसतात. निदान धृपदाचे स्वर आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, लिहून द्या. मात्र एकच लिपी पाळा. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेल्या संगीततज्ज्ञ भातखंड्यांच्या पद्धतीत समेला × आणि कालाला, म्हणजे टाळी न वाजवण्याच्या जागेला, ० लिहितात, पलुस्करांच्या पद्धतीत समेला १ आणि कालाला +. गेल्या वर्षीच्या शिक्षिकेने एका पद्धतीत आणि यंदाच्या सरांनी दुसऱ्या पद्धतीत लिहिलं, तर घाईत काढलेला × आणि + यांत मुलांनी गोंधळ घातला याचं नवल नाही. काल समेसारखा ठोकला जातो.

श्वासाच्या जागाही वहीतच खुणेने दाखवा. 'महा' म्हणून श्वास आणि मग 'राष्ट्र', असं दर स्पर्धेत ऐकायला मिळतं. लांब ओळ असेल तर पहिल्या रांगेने एका जागी आणि दुसऱ्या रांगेने दुसऱ्या जागी श्वास घ्यावा, म्हणजे ओळ तुटत नाही.

लय पळते

घरी चार मिनिटांचं गाणं रंगमंचावर सव्वातीन मिनिटांत संपतं. तबलजी म्हणतो मुलं पळाली, मुलं म्हणतात तबला पळाला. दोघंही खरं बोलतात, कारण दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसतं. तबला आणि पेटी मुलांच्या बाजूला तिरकी, मुलांना बोटं दिसतील अशी ठेवा. तालमीत आठवड्यातून एकदा गाणं मुद्दाम अर्ध्या लयीत घ्या, नुसत्या टाळीवर. संथ लयीत जे टिकतं तेच जलद लयीत टिकतं. आणि प्रेक्षक टाळ्यांची साथ द्यायला लागले की मुलांनी त्यांच्याकडे न बघता तबल्याकडे बघायचं, हे आधीच सांगून ठेवा. पालकांच्या टाळ्या कुठल्याच तालात नसतात. प्रेम असतं, पण ताल नसतो.

याच प्रकरणातली आणखी एक चूक म्हणजे दर तालमीला गाणं पहिल्यापासून सुरू करणं. तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं हजेरीत आणि मुलं गोळा करण्यात जातात. त्यामुळे पहिलं कडवं शंभरदा होतं आणि तिसरं दहादा. मग रंगमंचावर शेवटी शेवटी आवाज बारीक होत जातो. दर आठवड्याला एक तालीम शेवटच्या कडव्यापासून सुरू करा.

माइक आणि बाकी धावपळ

तीस मुलं आणि दोन माइक. ते धीट मुलींच्या तोंडासमोर ठेवले की समूहगानाचं युगुलगीत होतं. माइक तोंडापासून तीन-चार फूट दूर आणि डोक्याच्या थोडे वर, खाली वळवून ठेवायला सांगा. एक माइक पेटीला, पण भात्याच्या बाजूला नाही, नाहीतर गाण्याबरोबर वाऱ्याची फुसफुस ऐकू येते. शिट्टी वाजायला लागली तर बहुतेक वेळा स्पीकर माइकच्या मागे असतो, तो पुढे सरकवा. साउंडवाल्या दादांना चहा पाजून सकाळीच हे बोलून घ्यावं, पडदा वर जाताना बोलण्यात अर्थ नाही.

नृत्याच्या ट्रॅकसाठी फोन वापरणार असाल तर तो विमान मोडवर टाका. गोंधळनृत्याच्या मधोमध कुणाच्या तरी आत्याचा फोन वाजलेला मी ऐकलाय. नाटुकल्यात मुलं विंगेकडे बघून बोलतात, कारण तालीम वर्गात बाईंकडे बघून झालेली असते. तालमीला बाईंनी मागच्या बाकावर बसावं.

पालकांसाठी एक गोष्ट, कारण दर जानेवारीला कुणीतरी विचारतंच. गॅदरिंगला किंवा आंतरशालेय स्पर्धेत गायल्याने दहावीचे वाढीव कलागुण मिळत नाहीत. शास्त्रीय गायन, वादन, नृत्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून पायरी पायरीने असतात. त्यामुळे नववीच्या दिवाळीत जागं होण्यापेक्षा पाचवी-सहावीत सुरुवात बरी. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, म्हणून मुदत शाळेच्या कार्यालयात विचारून ठेवा.

आणि कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी ती एकदा गाण्याच्या शिक्षकांना दाखवा. समूहगान बहुतेकदा बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर टाकतात. दीड तास एसीत गप्प बसून मुलांचे गळे कोरडे पडतात, वरून वेळ झालेला असतो. मैदानावर कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, आणि मग सर्वांत जास्त मुलांचा, सर्वांत जास्त तालमींचा कार्यक्रम एका कडव्यावर आटोपतो. समूहगान स्वागतगीताला लागूनच ठेवा. मुलांना विंगेत कोमट पाणी द्या, पडदा वर जाण्याआधी पेटीवर हळूच सा धरा आणि सगळ्यांना तो तोंड मिटून गुणगुणायला सांगा.