रॉकमध्ये आयुष्य गेलं आणि आता कंट्री अल्बम करायचाय? मग आधी हे वाचा

रॉकवाल्याने कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताचा, अल्बम काढणं यात नवीन असं काही नाहीये. रिंगो स्टारने बीटल्स फुटल्या फुटल्या १९७० मध्ये कंट्रीची राजधानी नॅशव्हिल गाठलं आणि पीट ड्रेक नावाच्या स्टील गिटारवाल्याला (ही गिटार आडवी ठेवून, तारांवर बार सरकवत वाजवतात) प्रोड्यूसर धरून काही दिवसांत अख्खा अल्बम उरकला, आणि परत जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, प्रोड्यूसर टी बोन बर्नेटबरोबर आणखी एक आणला. मधल्या काळात एल्विस कॉस्टेलो, बॉन जोव्ही, शेरिल क्रो, एअरोस्मिथचा स्टीव्हन टायलर, सगळे त्या वाटेने जाऊन आले. काहींचं जमलं, काहींचं लोकांनी एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. माझं मत विचाराल तर स्टील गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), हॅट या सगळ्या नंतरच्या गोष्टी, आधी गप्प बसायला शिकायचं. म्हणजे वाद्यांनी गप्प बसायचं आणि शब्दांना पुढे येऊ द्यायचं, आणि ज्याने तीस वर्षं भिंतीएवढ्या अँप्ससमोर उभं राहून गायलंय त्याला हेच सगळ्यात जड जातं.

सुरुवात गाण्यांपासून करा, स्टुडिओ बुक करण्यापासून नको. रॉकमध्ये बऱ्याचदा आधी रिफ, म्हणजे गिटारवरचा परत परत येणारा तुकडा, सुचतो मग त्यावर काहीतरी शब्द बसवले जातात, आग, रात्र, रस्ता, स्वातंत्र्य असलं काहीही चालून जातं कारण गिटार सांभाळून घेते. इथे ती सोय नाही. एक सोपी टेस्ट सांगतो, गाणं चाल न लावता नुसतं मोठ्याने वाचा. समोरच्याला कोण, कुठे, काय झालं हे कळलं का? नसेल कळलं तर ते गाणं अजून तयार नाही. आणि हुकची ओळ, म्हणजे परत परत येणारी, लक्षात राहणारी ओळ, शेवटच्या अंतऱ्यानंतर आली की तिचा अर्थ थोडा बदलला पाहिजे, पहिल्या वेळी सोडून जाणारी बायको असेल तर शेवटी कदाचित तीच ओळ लग्न होऊन घराबाहेर पडणाऱ्या मुलीबद्दल असेल, असल्या वळणावर निम्मं कंट्री उभं आहे.

नॅशव्हिलमध्ये को-रायटिंग चालतं, दोन-तीन जण दिवसाउजेडी ऑफिसला गेल्यासारखे एका खोलीत बसतात आणि बहुतेक वेळा कुणीतरी टायटल घेऊनच आलेलं असतं. तिथे जाऊन बसा, आणि बसल्यावर आपण स्टेडियम भरवलेत हे विसरा. पण स्वतःचं आयुष्य मात्र सोबत न्या. साठीतल्या रॉकवाल्याकडे मोडलेली लग्नं असतात, गेलेला ड्रमर असतो, दारू सोडल्यानंतरची लांबच लांब संध्याकाळ असते, हा माल पंचविशीतल्या पोराकडे नसतो. ट्रॅक्टर कधी चालवला नसेल तर ट्रॅक्टरवर गाणं लिहू नका, प्लीज.

दुसरा रस्ता म्हणजे जुनी कंट्री गाणी घेऊन करायची. कॉस्टेलोने १९८१ मध्ये बिली शेरिलला प्रोड्यूसर घेऊन तेच केलं, आणि कव्हरवर चक्क इशारा छापला की यात कंट्री म्युझिक आहे, कोत्या मनाच्या लोकांना त्रास होऊ शकतो. मजा आहे, पण यात धोका असा की तुमची तुलना थेट मूळ गायकाशी होते आणि ती मंडळी फार मोठी आहेत. त्यामुळे सगळ्यांना पाठ असलेली गाणी टाळा. लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट आणि ब्लूग्रास गायिका ॲलिसन क्राउस यांनी २००७ च्या अल्बममध्ये बरीचशी आडबाजूची गाणी उचलली, आणि लेड झेपेलिनमध्ये एकट्याने आभाळ फाडणारा हा माणूस इथे हळू आवाजात दुसऱ्याच्या सुराला सूर लावत गायला. त्या अल्बमला २००९ मध्ये अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. बाकी काही नाही तरी तो अल्बम नीट ऐका, त्याने काय काय सोडून दिलंय ते मोजा.

आता पट्टी. रॉक सिंगरची पट्टी वर असते कारण त्याला गिटारच्या आवाजाच्या वर चढायचं असतं. इथे वर चढायला काही नाहीच, तर दोन-तीन सेमीटोन सरळ खाली या, बोलता तिथे गा. वय झालेला, थोडा खरखरीत आवाज इथे फार कामाचा असतो. आणि खोटे हेल काढू नका! टेक्सासमध्ये जन्मला नसाल तर टेक्सासचा हेल नको. रिंगो लिव्हरपूलचा आहे आणि लिव्हरपूलचाच वाटतो, कुणाचं काही बिघडलं नाही.

स्टुडिओत जायच्या आधी नंबर सिस्टिम शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. जॉर्डनेअर्स या गायक-चौकडीच्या नील मॅथ्यूजने १९५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली आणि चार्ली मॅकॉयसारख्या सेशनवाल्यांनी, म्हणजे कुणाच्याही रेकॉर्डिंगला भाड्याने वाजवणाऱ्या वादकांनी, ती पसरवली. कॉर्डला नावाऐवजी नंबर द्यायचा, जी पट्टीत जी म्हणजे १, सी म्हणजे ४, डी म्हणजे ५. सरगम येत असेल तर लगेच डोक्यात बसेल, सा कुठेही धरा, बाकीचे सूर आपोआप जागेवर येतात, तसंच. फायदा असा की सकाळी तुमचा घसा बसलेला असला आणि पट्टी उतरवावी लागली तरी चार्ट, म्हणजे आकड्यांचा कागद, तोच, एकही आकडा बदलत नाही. अख्खं गाणं एका कागदावर मावतं. तिथले वादक डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, एकदा ऐकतात, चार्ट लिहितात आणि वाजवायला बसतात.

म्हणून डेमो साधा ठेवा, गिटार आणि आवाज, बस. साठ ट्रॅकचा डेमो नेलात तर ते लोक त्याचीच कॉपी करतील आणि मग एवढे भारी वादक घेऊन उपयोग काय. तिथलं एक सेशन साधारण तीन तासांचं असतं, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा असे स्लॉट. स्नेअर ड्रमचा साउंड शोधण्यात आठवडा घालवायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवा. पट्टी, टेम्पो, गाण्याचा साचा हे आधी ठरलेलं पाहिजे.

वादकांबाबत, सगळे सेशनवाले घेऊ नका, आपल्या बँडमधला एक तरी माणूस सोबत ठेवा, नाहीतर अल्बम छान वाजेल पण तो कुणाचाही असू शकेल. पेडल स्टील (पेडलवाली स्टील गिटार) वाजवणारा मात्र तिथलाच हवा. ई नाइन ट्युनिंगच्या दहा तारा, हातात बार, पायाखाली पेडल, गुडघ्यांना लिव्हर आणि वर व्हॉल्यूम पेडल, हे सगळं एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे त्याला कुठला सूर घे हे सांगायला जाऊ नका. त्याने कुठे वाजवायचं नाही एवढंच ठरवा. पहिल्या अंतऱ्यात ओळींच्या मधल्या जागा स्टीलच्या, दुसऱ्यात फिडलच्या, कोरसला टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, असं वाटून द्या. रॉकमध्ये सगळे एकदम वाजवतात, इथे एक बोलतो बाकीचे ऐकतात. आणि गायक गात असेल तेव्हा तर कुणीच मध्ये बोलायचं नाही.

गिटारवाल्यांसाठी एक खास गोष्ट. रॉकच्या पॉवर कॉर्डमध्ये तिसरा सूर (सा धरला तर ग) नसतो, डिस्टॉर्शनमध्ये तो गढूळ होतो म्हणून आपण तो सोडतो. पण कंट्रीचा गोडवा नेमका त्याच सुरात आहे! त्यामुळे कॅपो (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावा आणि पूर्ण ओपन कॉर्ड वाजवा. टेलिकास्टर, क्लीन अँप, थोडं कॉम्प्रेशन, थोडा स्लॅपबॅक एको (एकदाच, लगेच परत येणारा), आणि पिकसोबत मधलं बोट आणि अनामिका वापरायची प्रॅक्टिस करा. अकूस्टिकवर हाय-स्ट्रिंग करून बघा, खालच्या चार जाड तारा काढून एक ऑक्टेव्ह वरच्या पातळ तारा लावायच्या आणि साध्या अकूस्टिकच्या जोडीला तेच परत वाजवायचं, एकदम चमक येते.

ड्रमरला काड्यांऐवजी ब्रश द्या. स्नेअरवर ट्रेन बीट, आगगाडीसारखा धावता ठेका, हळू आवाजात तीन मिनिटं न हलता वाजवणं हे दोन पायांनी डबल बेस ड्रम वाजवण्यापेक्षा अवघड आहे, पटत नसेल तर रेकॉर्ड करून ऐका. बेसला मूळ सूर आणि पाचवा, बहुतेक गाण्यांना एवढं पुरतं.

आता कुणी म्हणेल की आजकाल कंट्री रेडिओवर स्वतःच मोठ्या गिटार्स आणि स्टेडियमचे ड्रम्स असतात, मग आम्हीच का कमी करायचं? खरं आहे, पण म्हणूनच कमी करा की. ते काम तिथली पोरं आधीच करतायत, त्यात तुम्ही अजून एक.

रेकॉर्डिंगच्या वेळी बँडसोबत लाइव्ह गा, नंतर एकट्याने बूथमध्ये शंभर टेक नको. मिक्समध्ये आवाज पुढे, इतका की आधी लाज वाटेल. पिच करेक्शनवाल्याला थोडं आवरा.

रिलीजचं थोडक्यात. कंट्रीचे लोक पाहुण्यांना ओळखतात. १९६८ मध्ये बर्ड्स हा रॉक बँड नॅशव्हिलच्या जुन्या कंट्री रेडिओ शोच्या, ग्रँड ओल ऑप्रीच्या, स्टेजवर गेला तेव्हा त्यांचं स्वागत फार थंड झालं होतं. उलट हूटी अँड द ब्लोफिश या रॉक बँडचा डॅरियस रकर २००८ मध्ये आला तो अगदी नवख्यासारखा, रेडिओ स्टेशनं पालथी घालत, आणि त्याचं पहिलंच कंट्री सिंगल एक नंबरला गेलं. बॉन जोव्हीला २००६ मध्ये कंट्री गायिका जेनिफर नेटल्सबरोबरच्या ड्युएटने कंट्री चार्टवर एक नंबर मिळाला, कंट्रीकडे झुकलेला अल्बम त्यानंतर २००७ मध्ये आला. तर एखादं ड्युएट ठेवा, पण नाव बघून नको, आवाज जुळतो का ते बघून.

इंटरव्ह्यूत मी लहानपणापासून कंट्रीच ऐकायचो असं खरं असेल तरच सांगा. शो छोट्या हॉलमध्ये ठेवा, बसून ऐकता येईल असे. जुनी हिट गाणी लोक मागणारच, त्यातली दोनच घ्या, नव्या बँडच्या पद्धतीने वाजवा आणि ती शोच्या मध्यावर घ्या, कारण शेवटाला ठेवलीत तर लोक अख्खा वेळ त्यांचीच वाट बघत बसतात आणि नवीन गाण्यांना मोबाईल काढतात.