इंग्रजी चहाचे निमंत्रण आले, तर या चुका टाळा

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी सहकाऱ्याच्या किंवा घरमालकिणीच्या घरून चहाचे बोलावणे येते, आणि मग कप कसा धरायचा, करंगळी उचलायची की नाही, याच्याच चित्रफिती पाहण्यात आदली संध्याकाळ जाते. करंगळी उचलू नये, एवढे लक्षात ठेवले की तो विषय संपतो. फजिती होते ती बहुधा टेबलावर बसण्याआधीच्या गैरसमजांमुळे आणि ‘नको’ म्हणण्याच्या आपल्या सवयीमुळे.

पहिला गैरसमज निमंत्रणाच्या नावाचा असतो. आपल्याकडे हॉटेलांतल्या समारंभांच्या पत्रिकांवर ‘हाय टी’ असे छापलेले असते, त्यामुळे हा चहाचा उंची प्रकार असावा, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये मात्र हाय टी म्हणजे दिवसभर राबून परतलेल्या कामगाराच्या घरचे, मांस, पाव, चीज असे पोटभरीचे संध्याकाळचे जेवण. उमरावांच्या दिवाणखान्यातला प्रकार तो ‘आफ्टरनून टी’. बेडफर्डच्या सातव्या डचेस ॲना मारिया यांनी १८४० च्या सुमारास, दुपारचे हलके खाणे आणि रात्री उशिराचे जेवण यांच्या मधली भूक भागवण्यासाठी ही प्रथा रूढ केली, असे मानले जाते; सँडविच दोन घासांत संपेल एवढेच का असते, याचे उत्तर त्यातच आहे. ‘क्रीम टी’मध्ये चहाबरोबर फक्त स्कोन (पाव आणि केक यांच्या मधला, भट्टीत भाजलेला छोटा गोल पदार्थ), जॅम आणि क्लॉटेड क्रीम म्हणजे दाट साय मिळते. शिवाय यॉर्कशर, लँकशर अशा उत्तरेकडच्या भागांत अनेक घरांत नुसत्या ‘टी’चा अर्थच संध्याकाळचे जेवण असा होतो. म्हणून यॉर्कशरमधल्या लीड्सच्या सहकाऱ्याने सहा वाजता ‘टी’ला बोलावले असेल, तर घरून पोळीभाजी खाऊन निघू नये. साडेतीन-चारची वेळ असेल, तर बहुधा चहाच असतो. साडेपाचच्या पुढची वेळ असेल, तर सरळ विचारून घ्यावे. ‘कधीतरी चहाला या’ एवढेच कोणी म्हणाले, तर दिवस आणि वेळ ठरेपर्यंत ते निमंत्रण समजू नये.

खाण्यातली पथ्ये आयत्या वेळी सांगणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सँडविच आणि केक पाहुणे येण्यापूर्वीच तयार झालेले असतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही, कारण तिथल्या शाकाहारात अंडे सहज धरले जाते. केकमध्ये बहुधा अंडे असतेच, आणि स्कोन वरून चकचकीत दिसत असेल, तर भाजण्यापूर्वी त्यावर फेटलेले अंडे लावलेले असण्याची शक्यता मोठी. यावर उपाय म्हणून काहीजण स्वतःला ‘व्हीगन’ म्हणवून घेतात, पण मग लोणी, क्रीम आणि चहातले दूधही हातचे जाते. त्याऐवजी दोन-चार दिवस आधी लेखी कळवावे, की मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत, दूध, लोणी आणि चीज चालते. जेली, मूस (फेसाळ, हलका गोड पदार्थ) आणि मार्शमॅलो यांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते, तेही त्याच निरोपात लिहावे. एवढे करूनही ताटलीत हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, सँडविच आलेच, तर पाव उघडून आतला तुकडा काढत बसू नये. ते तसेच बाजूला ठेवून काकडीच्या सँडविचकडे वळावे आणि यजमानांनी विचारले तरच कारण सांगावे. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपवास त्याच दिवशी येत असेल, तर वेगळा दिवस सुचवण्यात काहीच अवघड नाही; आधी सांगितलेली अडचण तिथे कोणाला खटकत नाही.

टेबलावरचे बहुतेक नियम समोरच्याकडे पाहून उमजतात, पण काही वस्तू नवख्याला चकवतात. चहाच्या किटलीशेजारी दुसरे एक भांडे ठेवलेले असते, त्यात नुसते गरम पाणी असते. चहा फार कडक उतरला, तर कपात ते घालून हलका करायचा असतो. लिंबाच्या चकत्या आणि दूध दोन्ही समोर असले, तरी दोन्ही एकाच कपात घालू नयेत, कारण दूध फाटते. तसे झालेच, तर हसून दुसरा कप मागावा. चहा बशीत ओतून पिण्याची पद्धत एके काळी इंग्लंडमध्येही होती, पण आता ती मोडीत निघाली आहे, त्यामुळे तोंड भाजत असेल तर थांबावे.

स्कोन सुरीने किंवा हाताने आडवा उघडायचा असतो. जॅम आणि क्रीम वाडग्यातल्या चमच्याने आधी स्वतःच्या ताटलीत काढावे आणि तिथून आपल्या सुरीने स्कोनला लावावे; वाडग्यातला चमचा थेट स्कोनवर फिरवणे किंवा आपली वापरलेली सुरी जॅममध्ये बुडवणे तिथे आपल्याकडच्या उष्ट्या हातासारखे वाटते. दोन्ही अर्ध्या चकत्या वेगवेगळ्या खाव्यात, वडापावासारख्या एकमेकींवर दाबू नयेत. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि मग जॅम लावतात, तर शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये त्याच्या उलट. यजमान त्या भागातले असतील, तर त्यांचे पाहून करावे, एरवी हा वाद त्यांच्याच करमणुकीचा आहे. तीन मजली स्टँड असेल, तर बहुधा खालच्या मजल्यावरच्या सँडविचपासून सुरुवात करून वरच्या केकपर्यंत जातात.

आता आग्रहाविषयी. आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको, नको’ म्हणणे हा संकोच आहे, हे यजमानाला ठाऊक असते आणि तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढतो. इंग्रज यजमान तुमचे पहिलेच ‘नको’ खरे मानतात, कारण नको म्हटलेली वस्तू पुन्हा पुढे करणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. परिणामी पाहुणा अर्धपोटी परततो आणि यजमानीण आपला केक आवडला नाही, म्हणून मनात खट्टू होते. हवे असेल, तर पहिल्याच वेळी ‘हो, चालेल’ म्हणावे. याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते: सोबतच्या पाहुण्याच्या ताटलीत आपण होऊन काही वाढू नये, त्याने नाही म्हटल्यावर ‘एक तरी घ्याच’ असा लकडा लावू नये. नुसते पोट भरले म्हणून केकचा तुकडा नाकारताना कारणांची यादी देण्याचीही गरज नसते. ‘फार छान होता, आता पुरे’ एवढे बोलणे पुरते.

दिलेल्या वेळेच्या आधी दारात उभे राहू नये; पाच-दहा मिनिटे उशीर चालतो, अर्धा तास चालत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना किंवा मुलांना बरोबर न्यायचे असेल, तर आधी विचारावे, कारण ताटल्या मोजून मांडलेल्या असतात. फुले किंवा चॉकलेट नेणे सर्वांत सोपे, पण घरचा चिवडा किंवा बेसनाचे लाडू नेले, तर त्यांत शेंगदाणे, काजू, बदाम असल्यास ते आवर्जून सांगावे. त्यांची ॲलर्जी असलेली माणसे तिथे बऱ्याचदा भेटतात. दीड-दोन तासांनी यजमान कप गोळा करू लागले, की आवरायला मदत करू का, असे विचारून निघावे. दुसऱ्या दिवशी आभाराचे चार शब्द कळवावेत आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांना आपल्याकडे बोलवावे. तेव्हा मात्र आपल्या चहात दूध आणि साखर आधीच उकळलेली असते हे निमंत्रणातच सांगावे, कारण ज्यांना साखर किंवा दूध चालत नाही, त्यांना ते कप हाती आल्यावर कळून उपयोग नसतो.