हातघाईसाठी कोणती कला शिकावी? पुण्यातल्या नवशिक्यासाठी

कराटे चांगलं की बॉक्सिंग, या प्रश्नापासून सुरुवात केली की निवड हमखास चुकते. आधी सराव कसा चालतो ते बघा. जोडीदार पूर्ण जोर लावून विरोध करतो आणि तरी डाव बसवावा लागतो, असा सराव ज्या वर्गात आठवड्यातून निदान दोनदा होतो, तिथलं शिक्षण प्रसंगी कामाला येतं. जोडीदार हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहणार असेल, तर कितीही देखणी पकड शिका, ती निसटते. खरा माणूस हात मागे ओढतो, ढकलतो, कॉलर धरतो. शिवाय घाबरलेल्या शरीराला बोटांची नाजूक कामं जमत नाहीत, मोठ्या आणि हजारदा केलेल्या हालचालीच तेवढ्या उरतात.

या कसोटीवर पुण्यात सगळ्यात आधी आठवावी ती कुस्ती. पेठांमधल्या तालमी आहेत, कात्रजला मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुल आहे. तरी स्वसंरक्षण शिकायला निघालेली माणसं तालमीचा विचारच करत नाहीत. तालमीत रोज खरी लढत होते. तोल, मानेची ताकद, पकड सोडवणं, समोरच्याच्या पाठीमागे जाऊन ताबा घेणं, एकेरी पट काढून (समोरच्याचा एक पाय धरून) त्याला खाली बसवणं आणि आपण उभं राहणं, हे सगळं रस्त्यावर जसंच्या तसं चालतं. दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. चितपट टळावी म्हणून पैलवान पालथा पडून राहतो. रस्त्यावर ती पाठ आणि मान लाथांना मोकळी मिळते. आणि पट काढताना डोकं खाली जातं, तिथे गुडघा किंवा ठोसा बसतो. म्हणून कुस्तीला बॉक्सिंगची जोड हवीच. मुलींना प्रत्येक तालमीत प्रवेश मिळत नाही. मॅटवरची कुस्ती किंवा ज्युदो चालणाऱ्या केंद्रात चौकशी करा.

बॉक्सिंगमध्ये अंतर, पायांची चाल आणि ठोसा येताना डोळे उघडे ठेवणं, या तीन गोष्टी सहा महिन्यांत बऱ्यापैकी येतात. उणीव अशी की पट्टी आणि ग्लोव्हच्या आधाराने मारायची सवय लागते. उघड्या मुठीने कवटीवर मारलं की करंगळीमागचं हाड मोडू शकतं. त्यामुळे डोक्यावर मारायचं तर तळहाताच्या टाचेने (मनगटाजवळच्या भागाने), ठोसा पोटावर किंवा बरगड्यांवर. पंचिंग बॅगवर हेही गिरवून ठेवा. मुए थाई या थायलंडच्या कलेत याच्या जोडीला कोपर, गुडघा आणि मांडीवरची लाथ येते. चांगला प्रशिक्षक मिळाला तर उभ्याच्या लढतीसाठी याहून पुरी कला नाही.

ज्युदो १८८२ साली जिगोरो कानो यांनी उभा केला, तोच मुळी जोर लावून सराव करता यावा या विचाराने. त्यातलं न लागता पडण्याचं तंत्र एकट्यानेही फी वसूल करतं, कारण डांबरावर डोकं आपटणं हीच मारामारीतली मोठी भीती. ब्राझिलियन जिउ-जित्सू जमिनीवर अडकल्यावर सोडवतं, पण त्यातली स्वतःहून पाठीवर जाण्याची खेळी समोर दोघे-तिघे असताना घातक आहे. जिथे गुण मिळाले की लढत थांबते, तिथलं कराटे आणि तायक्वांदो या कामासाठी मागे ठेवा. क्योकुशिन कराटेत अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, मात्र चेहऱ्यावर ठोशाला बंदी असल्याने हात खाली राहतात. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचं सगळं शिकवणाऱ्यावर आहे. तीन महिन्यांत चाकू हिसकावायला शिकवतो म्हणणारा वर्ग सोडा. चाकू निघाला तर मोबाइल, पाकीट देऊन टाकायचं किंवा पळायचं.

फी भरण्याआधी एक पूर्ण वर्ग बसून बघा. दीड तासातला निदान अर्धा तास विरोधासह सराव हवा. जोडीदाराने हार मानून थाप दिली की पकड लगेच सुटते का, नवख्याला कोणाच्या हवाली करतात, जुने विद्यार्थी कधी हरताना दिसतात का, हे टिपा. उलट टोकही वाईट: पहिल्याच आठवड्यात डोक्यावर जोरदार ठोसे पडत असतील तर निघा. डोक्याला मार लागून भोवळ आली, तर डॉक्टरांना दाखवा आणि महिनाभर स्पारिंग (जोडीदाराशी लढतीचा सराव) बंद. सुरुवातीला वर्षाची फी देऊ नका. आणि घरापासून किंवा ऑफिसपासून अर्ध्या तासातलंच ठिकाण निवडा. हिंजवडीहून संध्याकाळी कॅम्पात पोचायचा बेत दुसऱ्याच महिन्यात बारगळतो.

सामान थोडकंच. साडेचार मीटरच्या हातपट्ट्या, बॅगसाठी १२ आणि स्पारिंगला १६ औंसांचे ग्लोव्ह, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड, पुरुषांना जांघेचा गार्ड. पावसाळ्यात मॅटवर गजकर्ण पटकन पसरतं. नखं कापा, सरावानंतर लगेच अंघोळ करा, चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत मॅटवर जाऊ नका.

हात उचलण्याआधीचा भागही सरावात धरा. दोन्ही पंजे उघडे, छातीच्या उंचीवर, अंतर दीड हाताचं, आवाज मोठा पण शब्द नरम: “दादा, जाऊ द्या, मला भांडायचं नाही.” चेहऱ्यासमोर हात आधीच आलेले असतात आणि बघणाऱ्यांना भांडण कोण उकरतंय ते दिसतं. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरत्याच बळाचा. समोरचा पडल्यावर घातलेली लाथ त्यात बसत नाही. सुटलात की ११२ लावा.

आठवड्यातून तीन दिवस, एकच कला, सहा महिने, मग दुसरी. उभ्याची आधी घेतली असेल तर दुसरी पकडीची, किंवा उलट. तीन महिन्यांनी आपल्याच वजनाच्या नव्या माणसाबरोबर दोन मिनिटं लढून बघा. त्याचा पहिला धक्का आला की अजूनही पाय जुळत असतील, डोळे मिटत असतील, तर प्रशिक्षकाला तसं सांगून जास्त स्पारिंग मागा. तो नाही म्हणाला तर वर्ग बदला.