पीसीओएस डिटेक्ट झालं आणि लगेच डाएट सुरू केलंय? मग या चुका टाळा

सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो, त्यात बल्की ओव्हरीज आणि मल्टिपल फॉलिकल्स असलं काहीबाही लिहिलेलं असतं, डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटांत सांगतात की पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी आणि हार्मोन्सचा बिघाड) आहे, वजन कमी करा, गोड-तेलकट बंद करा, या गोळ्या घ्या आणि तीन महिन्यांनी दाखवा, आणि घरी पोचेपर्यंत रिक्षातच दहा रील्स बघून झालेली असतात. दुसऱ्या दिवसापासून गहू बंद, दूध बंद, भात बंद, साखर बंद. तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी बारशाला जिलबीवर आडवा हात मारला जातो आणि मग "माझ्याच्याने नाही होत बाई" म्हणून सगळंच सोडून दिलं जातं.

मी डाएटिशियन आहे. समोर बसणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न "काय काय बंद करू?" हाच असतो, आणि मी उलट विचारते की काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा. कारण बऱ्याचदा अडचण ताटात काय नाहीये याची असते.

आत काय चाललंय ते थोडक्यात सांगते. खूप जणींमध्ये (सगळ्यांमध्ये नाही) शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीजना टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स जास्त बनवायला लावतं, शिवाय ही हार्मोन्स रक्तात बांधून ठेवणारं जे प्रोटीन लिव्हर बनवतं तेही कमी होतं, म्हणजे दोन्हीकडून मार. मग स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, पिंपल्स, काहीजणींना मानेवर काळसर मखमली पट्टा. आणि ज्यांना सगळे सिस्ट म्हणतात त्या अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजाच्या पिशव्या असतात, गाठी नव्हेत, त्यामुळे "गाठी विरघळवणारा काढा" असल्या प्रकारांच्या नादी लागू नका.

चूक १: सगळं एकदम बंद करणं

पीसीओएसची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन २०२३ मध्ये नव्याने आली, ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने. त्यात सरळ म्हटलंय की अमुक एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस आहे असा पुरावा नाही. कीटो पण नाही, ग्लुटेन-फ्री पण नाही, डेअरी-फ्री पण नाही. जे तुम्हाला वर्षानुवर्षं जमेल आणि पोषण नीट देईल ते चांगलं. सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा गव्हाचा खरंच त्रास असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दोन फुलक्यांनी ओव्हरीजचं काही बिघडत नाही. दुधाने पिंपल्स वाढतात असा संशय असेल तर महिनाभर थांबवून बघा, फरक नाही पडला तर परत सुरू करा, उगाच कॅल्शियम आणि प्रोटीनचा चांगला सोर्स घालवू नका.

यात एक मोठा घोळ होतो. ८००-९०० कॅलरीवर राहून महिन्यात भसाभस वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागतात, आणि मुलगी घाबरून म्हणते की माझं पीसीओएस वाढलं. अहो, ते उपासमारीचे केस गळतायत! पीसीओएसमध्ये केस टाळूवर मधोमध विरळ होतात, क्रॅश डाएटमध्ये सगळीकडून झडतात. आणि फार कमी खाल्लं तर पाळी तशीही थांबते, म्हणजे ज्यासाठी सगळं केलं तेच उलटं.

चूक २: ताटात प्रोटीनच नाही

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण नव्वद टक्के घोळ इथेच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे (मत हां, आकडेवारी नाही).

आपल्या घरातला साधा दिवस घ्या. सकाळी चहा-पोळी, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा दुधी-दोडक्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट किंवा चिवडा, रात्री भात आणि पातळ आमटी. एका फुलक्यात साधारण ३ ग्रॅम प्रोटीन असतं, पातळ आमटीच्या वाटीत ४-५ ग्रॅम. सगळं मिळून जेमतेम ३० ग्रॅमपर्यंत जातं. आयसीएमआर-एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) हिशोबाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम. आता डाएट सुरू केलं म्हणून तीन पोळ्यांची एक केली, भात काढला, बाकी ताट तेच! प्रोटीन आणखी खाली गेलं, आणि मग संध्याकाळी पाचला जी भूक लागते ती भूक नसते, तो हल्ला असतो. त्या वेळी समोर वडापाव आला तर तो खाल्ला जाणारच, त्यात तुमच्या मनोबलाचा काही दोष नाही.

मग घालायचं काय? काही फॅन्सी नको. मटकी, मूग, चवळी, वाल यांपैकी कशाचीही घट्ट उसळ, मोठी वाटी घेतलीत तर ८-९ ग्रॅम. एका अंड्यात ६. वाटीभर दह्यात ५ च्या आसपास. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७-८. पनीर १०० ग्रॅमला १८. पोहे सोडायची गरज नाही पण पोहे अर्धे करा आणि त्यात मोड आलेली मटकी, मटार, शेंगदाणे सढळ हाताने घाला, वर एक उकडलेलं अंडं किंवा बाजूला दही. उपमा असेल तर तेच. डाळीच्या पिठाचं धिरडं, मुगाचं धिरडं, पिठलं, थालीपीठ-दही, हे सगळं आपल्याकडे आधीच आहे. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम आणि स्वस्तही, फक्त रवा लावून तेलात पोहायला सोडू नका.

आमटी मात्र घट्ट करा. सासूबाई किंवा आई म्हणतील एवढी डाळ कशाला, तर म्हणू देत.

ताट वाढताना साधा अंदाज असा: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात उसळ-डाळ-अंडं-मासे, उरलेल्या पाव ताटात पोळी किंवा भाकरी किंवा भात. आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन मग पोळी-भात खाल्ला तर जेवणानंतर साखर कमी उसळते, हे काही छोट्या अभ्यासांत दिसलंय आणि करायला फुकट आहे.

एक सूचना, कडधान्यं एकदम वाढवली तर गॅस होणार. आठवड्यात दोनदापासून सुरू करा, नीट भिजवा, मोड आणा, पाणी प्या. पहिल्याच आठवड्यात पोट फुगलं म्हणून "मला कडधान्यं सोसत नाहीत" असा निकाल देऊ नका.

चूक ३: "हेल्दी" म्हणून मोजायचंच नाही

साखर सोडली आणि गूळ धरला. चहात गूळ, लाडूत गूळ, वर खजूर. गूळ ही पण साखरच, लोहाचा थोडा अंश असला तरी तेवढ्यासाठी दोन लाडू खायचे नसतात, इन्सुलिनला तुमची भावना कळत नाही.

दिवसात चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर फक्त चहातून. डब्ल्यूएचओ म्हणतं की दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर जास्त चांगलं. चहा सोडू नका, (मीही सोडणार नाही) साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या, जीभ सवय करून घेते.

ज्वारी-नाचणीबद्दल पण थोडं बोलू. भाकरी चांगलीच, फायबर जास्त, पोट भरलेलं राहतं. पण ६० ग्रॅम पिठाची एक मोठी भाकरी म्हणजे ४० ग्रॅमच्या वर कार्ब्स, साधारण अडीच फुलक्यांएवढी. "मिलेट आहे ना" म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर कसं होईल. आणि पाकिटातली नाचणी बिस्किटं आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं यांची मागची बाजू वाचा, बहुतेकांत मैदा आणि साखर पहिल्या तीन नावांत सापडतात.

चूक ४: उपवास

श्रावण, चतुर्थी, नवरात्र, सोमवार-गुरुवार, आपल्याकडे बायकांचे उपवास काही कमी नाहीत, आणि देवाच्या निमित्ताने वजन पण उतरेल असा दुहेरी हिशोब असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एका प्लेट खिचडीत ५०-६० ग्रॅम कार्ब्स, प्रोटीन म्हणाल तर फक्त शेंगदाण्याच्या कुटाचं, आणि सोबत बटाटा, वेफर्स, रात्री वरईचा भात. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सुरणाची भाजी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, दही, ताक, पनीर चालत असेल तर पनीर, असं करा, आणि खिचडी हवीच असेल तर वाटीभर. मेटफॉर्मिन किंवा डायबेटीसची दुसरी गोळी चालू असेल तर निर्जळी उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

चूक ५: पावडरी, बिया आणि गमीज

सीड सायकलिंग म्हणजे पंधरा दिवस जवस-भोपळ्याच्या बिया, पंधरा दिवस तीळ-सूर्यफूल. बिया खा, जवसाची चटणी आपली जुनीच आहे, पण तारखा बघून खाल्ल्याने पाळी येते याला चांगला पुरावा नाही. पुदिन्यासारख्या स्पिअरमिंटच्या चहावर छोटे अभ्यास आहेत, आवडत असेल तर प्या. इनोसिटॉल (पीसीओएससाठी विकली जाणारी एक सप्लिमेंट) बद्दल २०२३ च्या गाइडलाइनचं म्हणणं असं की धोका कमी आहे, साखर-इन्सुलिनच्या बाजूने थोडा फायदा होऊ शकतो, पण पाळी-वजन-केस यांवर पुरावा मर्यादित. म्हणजे परवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर घ्या, पोळी-उसळीच्या जागी नको.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या (हे एक व्हिटॅमिन) गमीज खाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, बायोटिनमुळे थायरॉइड आणि काही हार्मोन टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

चूक ६: बारीक मुलीने वजन कमी करायला घेणं

पीसीओएस बारीक मुलींनाही होतं. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून वजन जास्त धरतात. तुमचा १९-२० असेल तर तुम्हाला वजन उतरवायचं नाहीये, प्रोटीन आणि स्नायू वाढवायचेत. इथे "पीसीओएस डाएट प्लॅन" कुणाचा तरी फॉरवर्ड आलेला लावला तर नुकसानच होईल.

तीन महिने झाले, फरकच नाही?

मग हे क्रमाने बघा.

वजन काट्यावर हलत नाही पण कमरेचं माप घ्या, नाभीच्या पातळीवर, दर पंधरा दिवसांनी. बायकांमध्ये ८० सेंमीच्या वर म्हणजे पोटावरची चरबी जास्त. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, ७० किलोला ते साडेतीन ते सात किलो झालं, वीस किलोचं टार्गेट घेऊन रडत बसू नका.

चेहऱ्यावरच्या केसांसाठी तीन महिने फार कमी. केसाची वाढच हळू असते, सहा महिने ते वर्ष धरा, तोवर थ्रेडिंग-लेझर जे करायचं ते करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हार्मोनच्या गोळ्या चालू असताना दर महिन्याला जो रक्तस्राव येतो तो गोळ्यांमुळे येतो. त्यावरून "डाएट लागू पडलं" किंवा "बरी झाले" असं ठरवून गोळ्या स्वतःहून बंद करणाऱ्या मुली खूप आहेत, आणि मग दोन महिने पाळी गायब झाली की परत येतात.

मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब होत असतील तर रिकाम्यापोटी घेताय का बघा, जेवणासोबत घ्या, डोस हळूहळू वाढवायचा असतो आणि सावकाश सुटणारी गोळीही मिळते, डॉक्टरांशी बोला. ती वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, तेव्हा तपासत राहा.

व्यायाम फक्त चालण्यावर अडकलाय का? आठवड्याला १५० मिनिटं चाल आणि दोन दिवस वजनांचा व्यायाम, घरात पाण्याच्या बाटल्या घेऊनही होतो. रात्री साडेदहाला जेवण, एकला झोप आणि सहाची लोकल असं असेल तर डाएटचं नाव खराब करू नका. खूप घोरत असाल आणि दिवसभर पेंग येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पीसीओएसमध्ये स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबणं) जास्त दिसतो.

आणि ज्यांचं खाणं दिवसभर कडक आणि रात्री चोरून डब्बे रिकामे असं चाललंय त्यांनी आणखी कडक प्लॅन शोधू नका. पीसीओएससोबत असं खाण्याचं दुष्टचक्र आणि डिप्रेशन बरंच दिसतं, त्याला काउन्सेलर लागतो.

डाएटवर सोडून द्यायचं नाही असं काही

पाळी ९० दिवसांच्या वर लांबली तर वाट बघत बसू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो, पाळी आणायच्या गोळ्या त्यासाठीच असतात. आवाज घोगरा होणं, केस अचानक भराभर वाढणं हे पीसीओएस सोडून दुसरं काही असू शकतं. निदानाच्या वेळी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं आणखी एक हार्मोन) बघितलं नसेल तर विचारा. फक्त उपाशीपोटी शुगर नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट एकदा करून घ्या आणि मग डॉक्टर सांगतील तशी एक ते तीन वर्षांनी.

आणि मूल नको असेल तर काळजी घ्या. "मला पीसीओएस आहे, मला कुठे दिवस राहणार" असं समजून राहणाऱ्या मुलींना खाणं सुधारलं, वजन जरा उतरलं की स्त्रीबीज बाहेर पडायला लागतं, आणि ते पाळीच्या आधी साधारण दोन आठवडे पडतं, म्हणजे पाळी परत आलेली दिसायच्या आतच दिवस राहू शकतात.