महाविद्यालयाचे पहिले वर्ष सुरू करताना
वर्ग सुरू होताच प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, गुणविभागणी आणि हजेरीचे नियम मिळवून सर्व मुदती एकाच दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रयोगांतून दाखवले. म्हणून तासाला घेतलेली टिपणे त्याच दिवशी वही मिटून आठवून पाहावीत, अडेल तेथेच वही उघडावी आणि काही दिवसांनी तीच उजळणी पुन्हा करावी. नुसत्या पुनर्वाचनाने सारे समजल्याचा भास होतो, आणि माझ्या मते पहिल्या वर्षातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. झोप कमी करू नये. शंका परीक्षेपर्यंत साठवून न ठेवता प्राध्यापकांना भेटावे, आणि जाताना आपण नेमके कोठे अडलो ते लिहून न्यावे.