नाशिक–त्र्यंबक रस्त्याच्या निमित्ताने : राज्यमार्गाचा मार्ग आणि इतिहास कसा नोंदवावा

नाशिकच्या त्र्यंबक नाक्यावरून सातपूरमार्गे त्र्यंबकेश्वरला जाणारा सुमारे २८ किलोमीटरचा रस्ता दीर्घकाळ सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्यमार्ग म्हणून ओळखला गेला आहे. पुढे तो मोखाडा आणि जव्हारकडे, म्हणजे कोकणात उतरतो. प्रत्येक सिंहस्थापूर्वी या रस्त्यावर मोठी कामे निघतात आणि २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानेही ती निघाली आहेत. रस्ता रुंद होणे आवश्यक आहे. परंतु रुंदीकरणात कडेचे जुने दगड, मोऱ्या आणि वड-चिंचा सर्वप्रथम जातात, आणि रस्त्याचा इतिहास सांगणारा पुरावा बहुतांशी त्यांच्यातच असतो. म्हणून रस्त्याची नोंद करणाऱ्याने आधी प्रत्यक्ष रस्त्यावरची पाहणी उरकावी आणि कागदपत्रे नंतर पाहावीत, असा माझा आग्रह आहे. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पुढच्या वर्षीही मिळेल, पण उखडलेला मैलाचा दगड मिळणार नाही.

निघण्यापूर्वी रस्त्यांची वर्गवारी समजून घ्यावी. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची विभागणी ठरली आणि आजची वर्गवारी तिच्यातूनच आली. महाराष्ट्रात निविदांच्या जाहिरातींत ‘प्ररामा’, ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’ ही संक्षिप्त रूपे दिसतात. ती अनुक्रमे प्रमुख राज्यमार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची आहेत. रस्त्याचा दर्जा काळानुसार बदलतो आणि दर्जाबरोबर क्रमांकही बदलतो. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने ठरले, तेव्हा नाशिककरांच्या तोंडी असलेला तीन क्रमांकाचा मुंबई–आग्रा महामार्ग आणि पन्नास क्रमांकाचा नाशिक–पुणे महामार्ग हे दोन्ही क्रमांक इतिहासजमा झाले. त्यामुळे ‘अमुक क्रमांकाचा राज्यमार्ग’ एवढ्या खुणेवर शोध कधीही आधारू नये. दोन टोकांची गावे आणि मधली गावे हीच रस्त्याची खरी ओळख समजावी, आणि क्रमांकापुढे तो कोणत्या वर्षाच्या कागदावर आढळला ते लिहावे.

प्रत्यक्ष पाहणी पायी करावी. एका दिवसात सर्व अंतर चालण्याची गरज नाही. पाच-सहा किलोमीटरचे टप्पे पाडले, तर नजर ताजी राहते. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाचे छायाचित्र समोरून आणि दोन्ही बाजूंनी घ्यावे. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्यमार्ग, हा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र दर्जा बदलल्यावर जुन्याच दगडावर नवा रंग चढवला जातो, म्हणून खपली निघालेल्या जागी खालचा रंग दिसतो का, तेही पाहावे. दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो आणि त्यावर अधिक गावांची नावे असतात. अंतरे मैलांत कोरलेला दगड आढळला तर तो मेट्रिक पद्धत रुळण्यापूर्वीचा, म्हणजे साधारणपणे १९६० च्या दशकाआधीचा समजण्यास हरकत नाही. असे दगड पुष्कळदा मूळ जागी नसतात, शेताच्या बांधावर किंवा एखाद्या देवळाच्या ओट्यात बसवलेले असतात. ते हलवू नयेत. जागा टिपून घ्यावी.

मोऱ्या आणि लहान पूल यांच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, परंतु माझ्या मते रस्त्याचे वय सांगण्यात त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. कठड्यावर ‘१२/३’ असा आकडा रंगवलेला असेल, तर ते बाराव्या किलोमीटरमधील तिसरे बांधकाम होय. खाली उतरून पाहावे. घडीव दगडांची कमान, तिच्या दोन्ही बाजूंना वाढवलेला काँक्रीटचा भाग आणि त्याही बाहेर टाकलेले सिमेंटचे पाइप अशी रचना आढळली, तर रस्ता किती वेळा आणि कोणत्या बाजूला रुंदावला याचा क्रम तिथेच मिळतो. कमानीची रुंदी टेपने मोजावी, कारण जुन्या गाडीरस्त्याची रुंदी बहुधा तीच असते. पावसाळ्यात मात्र मोरीखाली उतरू नये. अंजनेरीच्या डोंगरातून येणाऱ्या ओहोळांचे पाणी फार वेगाने वाढते.

शहरातला भाग स्वतंत्रपणे नोंदवावा, कारण तिथे रस्ता एकाच वेळी राज्यमार्गही असतो आणि शहराचा रस्ताही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर सातपूरला कारखाने उभे राहिले, तसा पूर्वीचा यात्रेचा रस्ता कामगारांच्या पाळ्यांचा रस्ता झाला. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि सातपूर तिच्या हद्दीत आले. पालिका हद्दीतील रस्त्याचा भाग महापालिकेकडे वर्ग झाला आहे का, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत आणि कोणत्या आदेशाने, हे बांधकाम विभाग आणि महापालिका या दोन्हीकडे विचारावे लागते.

नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे मैलाला एक इंच किंवा १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळवावेत. त्र्यंबकेश्वर, अंजनेरी आणि सातपूर हा पट्टा जुन्या मालिकेतील ४७ ई/९ या नकाशात येतो. वीस अंश उत्तर अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जात असल्यामुळे शहराचा दक्षिण भाग ४७ ई/१३ मध्ये आणि उत्तर भाग ४६ एच/१६ मध्ये विभागला गेला आहे. १९५० च्या दशकातील अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. एकच वळण दोन काळांच्या नकाशांत पडताळून पाहिले की, रस्ता कुठे सरळ केला गेला आणि जुना तुकडा कुठे गावात राहून गेला, ते कळते.

लिखित इतिहासाची सुरुवात १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरपासून करावी. त्यातील व्यापारविषयक प्रकरणात रस्ते, घाट, टोलनाके आणि धर्मशाळा यांची माहिती आहे आणि गावांच्या वर्णनात त्र्यंबक व अंजनेरी स्वतंत्रपणे येतात. याहून मागे जाताना शिलालेखांचा आधार घ्यावा, पण तो जपून. अंजनेरीच्या जैन मंदिरातील शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४१ च्या लेखात यादव सेउणदेवाने मंदिराला दुकाने दान दिल्याचा उल्लेख आहे. आज शांत असलेल्या या गावात त्या काळी बाजारपेठ होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे आणि नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचे कोरलेले आहे. गोदावरीकाठचे गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेला आहे. सह्याद्री ओलांडून बंदरांकडे जाणारी वाहतूक दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे, हे यातून दिसते. तथापि आजचा डांबरी रस्ता नेमका त्याच वाटेवरून जातो असे या लेखांवरून सिद्ध होत नाही, आणि तसे लिहूही नये. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला जाणाऱ्या दिंड्यांच्या मुक्कामांची नोंद मात्र अवश्य घ्यावी, कारण वारकऱ्यांचे जुने थांबे पाण्याच्या आणि सावलीच्या जागा धरून ठरलेले असतात.

रस्त्याखालची जमीन कुणाची, हा प्रश्न भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशांतून सुटतो. पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, अंजनेरी आणि पेगलवाडी यांचे नकाशे एकामागून एक जोडून पाहावेत. राज्यमार्ग म्हणून घोषणा आणि हद्दी ठरवणाऱ्या अधिसूचना १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली राजपत्रात प्रसिद्ध होतात. त्या शासकीय मुद्रणालयाच्या संचांत शोधाव्यात. त्र्यंबकच्या पुढचा भाग करताना अभिलेखांची विभागणी ध्यानात ठेवावी : जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे त्याआधीचे कागद ठाण्याच्या नावाने लावलेले असतात.

बांधकाम विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘रस्त्याचा संपूर्ण इतिहास द्यावा’ असे लिहिल्यास उपयोग होत नाही. दहा रुपयांच्या शुल्कासह, ‘नाशिक–त्र्यंबक रस्त्याच्या कि.मी. ०/०० पासूनच्या रस्ता नोंदवहीची प्रत, मोऱ्यांची यादी आणि दर्जोन्नतीच्या शासन निर्णयांच्या प्रती’ अशी नेमकी मागणी करावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. वृत्तपत्रांसाठी १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जावे आणि १९५६, १९६८, १९८० या सिंहस्थांच्या आधीची दोन वर्षे चाळावीत, कारण रस्त्याच्या बातम्या त्याच काळात दाट असतात.

टिपणे लिहून काढताना किलोमीटर हाच क्रम ठेवावा. प्रत्येक नोंदीत जागा, आज दिसणारी वस्तू, तिचे मोजमाप, छायाचित्राची तारीख आणि कागदातील आधार ही माहिती असावी. रस्त्याकडेच्या वृद्धांनी सांगितलेली आठवण त्याच नोंदीखाली, पण ‘सांगीव’ असे लिहून वेगळी ठेवावी आणि त्यांची परवानगी नसल्यास नाव घालू नये. तयार झालेल्या टिपणाची एक प्रत वाचनालयाला आणि एक त्या-त्या ग्रामपंचायतीला द्यावी.