हाताने विणलेला गालिचा घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

दुकानदार गालिचा पसरून दाखवेल तेव्हा वरचं डिझाईन राहू दे, सरळ कोपरा धरून उलटवा. खऱ्या हॅन्ड नॉटेडमध्ये, म्हणजे हाताने एकेक गाठ मारून विणलेल्या गालिच्यात, मागेही तेच डिझाईन स्पष्ट दिसतं आणि एकेक गाठ बारीक मण्यासारखी बोटाला लागते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गनने लोकर टोचून मागून लॅटेक्स, म्हणजे रबरी गोंद लावलेला. तोही हातानेच बनवतात बरं का, पण गाठ नसते. मी एकदा प्रदर्शनातून असाच एक उचलला, दोन-तीन वर्षांत खालून त्या लॅटेक्सची पांढरी पावडर गळायला लागली, रोज झाडू मारून वैताग!

मग दशा, म्हणजे टोकाला लोंबणारे दोरे बघा, त्या उभ्या ताण्याचीच (विणताना मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचीच) टोकं असायला हव्यात, वरून शिवलेल्या असल्या तर शंका घ्या. गाठी मोजायच्या तर मागे पट्टी ठेवून आडव्या एका इंचात किती आणि उभ्या एका इंचात किती ते बघून गुणा, 10 गुणिले 10 म्हणजे चौरस इंचाला 100. पण नुसत्या आकड्यामागे धावू नका, लोकर चिवट नसेल तर काय उपयोग. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांना जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मान्यता आहे, तिथे जाड लोकरीचेही मस्त मिळतात.

रंगात हलके पट्टे दिसले तर तो डिफेक्ट समजू नका, लोकरीचा नवा लॉट लावला की असं होतं.

घरी आणल्यावर सुरुवातीला लोकर गळणारच, व्हॅक्यूम करा पण फिरता ब्रश बंद ठेवून. चहा सांडला तर घासायचं नाही, फक्त टिपायचं.